वेनबाईंची शाळा

वेनबाईंच्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. चुकलं तर चुकलेलं तसंच राहू द्यायचं आणि त्याच्याखाली बरोबर उत्तर लिहायचं. माझी मुलगी इरा पहिल्या दिवशी स्ट्रॉबेरीच्या वासाचं गुलाबी खोडरबर घेऊन गेली होती. बाईंनी ते दोन बोटांत धरून बाहेर चपलांच्या कप्प्यात नेऊन ठेवलं आणि तास संपल्यावर परत दिलं. "लपवायचं असेल तर घरी लपव, इथे नाही," असं त्या म्हणाल्या. हे इराने मला रडत रडत जपानीत सांगितलं आणि शेवटी "मुरी!" म्हणून टाकलं. मुरी म्हणजे अशक्य. आमच्या घरात हा शब्द आला की विषय संपतो. पण पुढच्या शनिवारी ती माझ्याआधी बूट घालून दारात उभी होती.

आम्ही तोक्योत ओजिमाच्या मोठ्या सरकारी वसाहतीत राहतो. नवरा आणि मी दोघंही कावासाकीला सॉफ्टवेअरच्या कामावर. वेनबाई आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या शेवटच्या घरात, मुलाबरोबर राहायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, उंची बेताची, केस स्वतःच्या हाताने कापलेले आणि ते लपवायचा काहीही प्रयत्न नाही. आठवडाभर त्या म्हाताऱ्या माणसांच्या एका डे-केअर सेंटरमध्ये काम करायच्या. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, गाडीत बसवून घरी सोडणं. शनिवारी दुपारी चर्चच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मुलांना गणित शिकवायच्या. हे चर्च म्हणजे स्टेशनमागच्या एका इमारतीतले दोन मजले. येणारी माणसं बहुतेक चिनी. मी त्यांना ऑफिसच्या सवयीने वेन-सान म्हणायचे, मुलं सेन्से, म्हणजे शिक्षक, म्हणायची. मनात मात्र त्या पहिल्यापासून वेनबाईच होत्या. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होऊ नये म्हणून तिरकं उभं राहायची त्यांची पद्धत अगदी आमच्या शाळेतल्या बाईंची होती. हात फळ्यावर, नजर शेवटच्या बाकावर.

इराचं नाव घालायला गेले तेव्हा मी जरा चाचरतच विचारलं, "तुम्ही फक्त गणितच शिकवता ना?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही हिंदू ना? तुम्ही विचारणारच. पण खाली प्रार्थनेला बसणारे लोकसुद्धा मला हेच विचारतात."

आम्हा दोघींचीही जपानी कामापुरती. माझी ऑफिसातली, त्यांची म्हाताऱ्यांशी बोलून झालेली, म्हणून त्यांच्या बोलण्यात मधेच आजीबाईंचे शब्द यायचे. पण एक जपानी गोष्ट त्यांना शेवटपर्यंत मानवली नाही. इथे कुणाला नाही म्हणायचं असेल तर 'चोत्तो...' म्हणून थांबतात. म्हणजे 'थोडं...' आणि पुढे काहीच नाही. समोरच्याने काय ते ओळखून घ्यायचं. वेनबाई ओळखायच्या नाहीत. "थोडं काय?" असं सरळ विचारायच्या. वसाहतीच्या ऑफिसात, दवाखान्यात, इराच्या शाळेच्या मेळाव्यातसुद्धा मी त्यांना हे विचारताना पाहिलं आहे. समोरचा माणूस घामाघूम व्हायचा. बाई शांतपणे उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या.

जेवणाआधी त्या प्रार्थना करायच्या, पण डोळे उघडे ठेवून. मला नवल वाटलं. ख्रिस्ती लोक डोळे मिटतात, एवढं मला पुण्यात शेजारी राहणाऱ्या कुटुंबामुळे माहीत होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे घरात जमून प्रार्थना करायचे. एकाने दाराकडे बघायचं असतं, कुणी येतंय का. बरीच वर्षं ते काम माझ्याकडे होतं."

त्यांची हकिकत मला एकदम कळली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना, कचऱ्याच्या दिवशी बाटल्या आणि डबे वेगळे करताना, तुकड्यातुकड्याने कळत गेली. त्या चीनमधल्या एका आतल्या शहरात सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. चांगली शाळा, चांगलं नाव. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तो विषय काढत नव्हतं. मग एका वर्षी सगळ्या शिक्षकांसमोर एक कागद आला: मी कोणताही धर्म मानत नाही. खाली सही करायची.

"हेडमास्तर चांगला माणूस होता," बाई म्हणाल्या. "त्याने मला केबिनमध्ये चहा पाजला. म्हणाला, सही कर आणि घरी काय करायचं ते कर. सगळे तेच करतात. मी म्हटलं, उद्या वर्गात जाऊन मुलांना खरं उत्तर लिहा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? तो म्हणाला, वेन, तू गणित शिकवतेस. गणिताला तोंड लागत नाही."

त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीतल्या काही पालकांनी मिळून एक शाळा काढली होती, तिथे जाऊ लागल्या. खाली फर्निचरचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर वर्ग. सकाळी बायबल, मग भाषा, गणित, विज्ञान. मुलं जिना चढताना खालच्या सोफ्यांवर एकेक उडी मारून यायची आणि दुकानदार ओरडायचा. हे सांगताना वेनबाई हसल्या होत्या. मी त्यांना फारसं हसताना पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

त्या शाळेला सरकारी मान्यता नव्हती. त्यामुळे तिथल्या मुलांची नावं कोणत्याच सरकारी शाळेच्या पटावर नसायची आणि पटावर नाव नसलेल्या मुलाला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता यायचं नाही. हे सगळ्या पालकांना माहीत होतं. देव काहीतरी मार्ग काढेल असं म्हणायचे. बऱ्याच जणांनी गुपचूप दुसरीकडे नाव चालू ठेवलं होतं. वेनबाईंनी आपल्या मुलाचं, तियानएनचं, नाव नऊ वर्षांचा असताना पटावरून रीतसर काढलं. तियानएन म्हणजे देवाची कृपा. नवरा कॉलेजात शिकवायचा, त्यानेही सही कर म्हटलं होतं आणि त्याचा या सगळ्याला विरोध होता. मुलालाही आधीची शाळा सोडायची नव्हती, तिथे त्याचे मित्र होते. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही.

"दुसऱ्यांच्या मुलांना मी शिकवायचं आणि माझं मूल तिकडे ठेवायचं, हे खोटं झालं असतं," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला मात्र त्या क्षणी त्यांची थोडी भीती वाटली.

शाळा बंद करायला माणसं आली तेव्हा पाचवीचा अपूर्णांकांचा तास चालू होता. आलेली माणसं सभ्य होती. त्यांनी बाईंना उदाहरण पुरं करू दिलं. मग मुलांना खाली नेलं आणि पालकांना फोन करून बोलावलं. मुलाला सरकारी शाळेत घालतो, असं लिहून द्यायचं आणि मूल घेऊन जायचं. बाई जिन्यात उभ्या होत्या. पालक एकेक करून येत होते.

"मला त्या माणसांचा राग नाही," वेनबाई म्हणाल्या. "त्यांना काम दिलं होतं, त्यांनी केलं. पालकांनी सही केली, त्याचाही नाही. मुलांचा प्रश्न होता. पण जाताना एकाने तरी माझ्याकडे बघायचं. मी जिन्यात मधोमध उभी होते, राणे-सान. माझ्या बाजूने अंग चोरून गेले सगळे."

तियानएन तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या वयाच्या वर्गात त्याला घ्यायला कोणतीच शाळा तयार होईना. नवरा एवढंच म्हणाला, "देव तुझा एकटीचा होता. पोरगा दोघांचा होता." मग घटस्फोट झाला. बाईंनी स्वतःचं नाव तोक्योतल्या एका भाषाशाळेत घातलं आणि मुलाला घेऊन इथे आल्या. वयाच्या पंचेचाळिशीनंतर विशीतल्या मुलांबरोबर बसून नवीन लिपी गिरवली आणि मग म्हाताऱ्यांच्या सेवेचं प्रशिक्षण घेतलं. आपण आता मोकळ्या देशात आलो आहोत, इथे शाळा काढता येईल, असं त्यांच्या डोक्यात होतं.

चर्चमधली ती बैठक मी पाहिली आहे. एका रविवारी इराची राहिलेली वही घ्यायला गेले होते आणि बाई म्हणाल्या, पाच मिनिटं बसा. पाच मिनिटांचा तास झाला. बोलणं चिनीत चाललं होतं. शेजारी बसलेली एक तरुण मुलगी मला जपानीत सांगत होती. वेनबाईंनी मांडलं की शनिवारचा वर्ग आहेच, त्याची रोजची शाळा करू. लहान, दहा मुलांची चालेल. इथे कुणी बंद करणार नाही. दोन-तीन बायांनी माना डोलावल्या. मग चर्चचे कारभारी उठले. घरं भाड्याने मिळवून द्यायचा त्यांचा व्यवसाय होता, माणूस हसतमुख. ते म्हणाले, "वेन ताईंची श्रद्धा आपल्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे." सगळे टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "पण आपण इथे कशासाठी आलो? मुलांसाठी. माझी मुलगी चांगल्या माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसते आहे. तिला मी दहा मुलांच्या शाळेत घालू का? तुम्ही कुणी घालाल का?"

मघाशी मान डोलावणाऱ्या बाया मुलांचे कोट शोधायला लागल्या.

जिना उतरताना वेनबाई मला म्हणाल्या, "तिकडे निदान बंद करायला सहा माणसं यावी लागली."

वर्षभराने शनिवारची खोलीही गेली. कारभाऱ्यांच्या एका ओळखीच्याने प्रवेशपरीक्षेची शिकवणी काढली, तिला जागा हवी होती. बाईंना विचारलं, तुम्ही तिथे शिकवाल का? त्यांनी छापील प्रश्नसंच मागवून घेतले, रात्रभर सोडवले असावेत, आणि दुसऱ्या दिवशी परत केले. "यात मुलाने विचार केला तर वेळ पुरत नाही," म्हणाल्या. "विचार न करता करायचं, अशी सोय आहे." त्यानंतर इरा आणि आणखी तीन मुलं त्यांच्या घरी जाऊ लागली. फळा नव्हता, म्हणून त्या फ्रिजच्या दारावर लिहायच्या.

तियानएन मला आवडायचा. उंच, मितभाषी, दाराशी भेटला तर पिशवी उचलून द्यायचा. स्टेशनजवळच्या कोंबिनीत त्याची बाइतो होती; म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं र्यू. ते त्याच्या बापाच्या आडनावाचं जपानी रूप. 'कृपा' कुठेही नव्हती. शाळा पूर्ण केल्याचा दाखला नसल्यामुळे तो इथली बाहेरून द्यायची परीक्षा देत होता, एकेक विषय करून. एकदा मी दूध घ्यायला गेले असताना तो कपाटात डबे लावत होता. मी सहज म्हटलं, "गणित तर तुला घरीच आहे, सोपं गेलं असेल."

"गणितात पहिल्याच वेळी पास झालो," तो म्हणाला. "इतिहास राहिलाय. आमच्या शाळेत इतिहास सहा दिवसांत जग निर्माण झालं इथून सुरू व्हायचा." मग डबे सरळ करत म्हणाला, "आई चांगली शिक्षिका आहे, राणे-सान. सगळे सांगतात. तिच्या वर्गातली बाकीची मुलं आता नोकऱ्या करतात. त्यांच्या आया खोटं बोलल्या होत्या, म्हणून."

त्या बाकीच्या मुलांपैकी एक ओजिमाला आली. शाओलिंग. वेनबाई तिच्याबद्दल अनेकदा बोलायच्या. शाळा बंद झाली त्या दिवशी सगळी मुलं उठली, तेव्हा वरच्या वर्गातली ही एकटी बाकावरून उठली नव्हती. वडिलांना तिला हात धरून ओढत न्यावं लागलं होतं. आता ती पंचविशीची होती, होणाऱ्या नवऱ्याबरोबर जपान बघायला आली होती आणि बाईंना भेटायचं म्हणत होती. बाईंनी रजा घेतली. माझ्याकडून मोठं पातेलं आणि घडीचं टेबल नेलं. सकाळपासून डंपलिंगं वळत होत्या. मला आणि इरालाही बोलावलं. "तिला बघा," म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी काय असते ते बघा."

शाओलिंग एकटीच आली. छान कपडे, हातात फळांची महागडी पेटी. बाईंना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. ती जेवली, इराशी इंग्रजीत बोलली. मग तिने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि चिनीत बोलायला लागली, हळू आवाजात, बऱ्याच वेळापर्यंत. तियानएन माझ्या शेजारी बसला होता. त्याने मान वर न करता मला जपानीत सांगितलं, "ती शिक्षिका झालीये. सरकारी शाळेत. आईच्या फोनमध्ये तिचे शाळेतले फोटो आहेत, ते काढून टाक म्हणतेय. आणि सणाला मेसेज पाठवू नको. तिच्या शाळेत चौकशी होते."

मला वाटलं, आता बाई विचारणार. थोडं काय, कशाची चौकशी, सही केलीस का. त्यांनी काहीच विचारलं नाही. उठल्या, हात धुतले, पुसले आणि फोन घेऊन शाओलिंगच्या शेजारी बसल्या. दोघींनी मिळून फोटो शोधले. एकेक फोटो बाई तिला दाखवायच्या, ती मान हलवायची, बाई काढून टाकायच्या. सोफ्यांवर उड्या मारणारी मुलं, फळ्यासमोर उभी असलेली एक दात पडलेली मुलगी. शेवटी तिचा नंबरही काढला. मग बाईंनी उरलेली डंपलिंगं डब्यात भरून तिला दिली, होणाऱ्या नवऱ्यासाठी. तो खाली रस्त्यावर उभा आहे, हे त्यांनी खिडकीतून केव्हाच बघितलं होतं.

ती गेल्यावर मी भांडी घासायला लागले. वेनबाई टेबल पुसत म्हणाल्या, "चांगली मुलगी. समोर येऊन सांगितलं तरी. बाकीच्यांनी न सांगता केलं."

तियानएन आईशी चिनीत बोलला, पण इतकं सावकाश की मला सूर कळला, आणि अर्थ त्यानेच नंतर जिन्यात सांगितला. तो म्हणाला होता, "तिने सही केली तर चांगली मुलगी. बाबा सही कर म्हणाले तर त्यांना सोडलंस. माझ्या वेळी तुला हे का सुचलं नाही?"

बाईंनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

त्या वर्षी त्याचे सगळे विषय सुटले आणि त्याला दूर दक्षिणेला, क्युशूमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तोक्योतही मिळाला असता. त्याने अर्जच केला नव्हता. बाईंना त्याने निकाल सांगितला तो जाण्याच्या आदल्या आठवड्यात. गॅलरीत तो मला नमस्कार करायला आला, जपानी पद्धतीने कमरेत वाकून. बाई मागे दारात उभ्या होत्या. "पोचलास की कळव," त्या म्हणाल्या. तो "हाय" म्हणाला, जपानी 'हाय', म्हणजे हो, आणि लिफ्टकडे गेला. पोचल्याचं त्याने कळवलं. त्यानंतर वर्षातून दोनदा कळवायचा, की ठीक आहे.

वेनबाई चर्चला जाईनाशा झाल्या. आधी मला वाटलं कारभाऱ्यांशी बिनसलं असेल. तसं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिथे सगळे माझी श्रद्धा किती मोठी आहे हे सांगतात. मला ऐकवत नाही." मग त्यांच्या सेंटरने तोक्योबाहेर त्सुकुबाला नवीन शाखा काढली आणि तिकडे माणसं हवी होती, तेव्हा त्यांनी स्वतःहून नाव दिलं. जाताना इराला त्यांनी भूमितीची कंपासपेटी दिली, धातूची, जड. इरा तेव्हा मोठ्या वर्गात गेली होती, तिचे मार्क चांगले होते, आणि खरं तर तीही आता स्टेशनजवळच्या शिकवणीला जायला लागली होती. बाईंना ते माहीत होतं.

मागच्या वसंतात मी त्सुकुबाला गेले होते. माझी मावसबहीण तिथे एका संस्थेत संशोधन करते, तिच्याकडे. सकाळी दूध आणायला निघाले आणि सरळसोट रुंद रस्त्यावर, झाडांखालच्या सायकलमार्गावर, समोरून वेनबाई आल्या. सेंटरचा निळा गणवेश, केस पूर्ण पांढरे. मला ओळखून त्या उतरल्या आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर सिग्नलपर्यंत चालल्या. इराचं विचारलं. मी तियानएनचं विचारलं. "नोकरी करतो. ठीक आहे," म्हणाल्या.

मी विचारलं, "इथे शिकवता का कुणाला?"

"नाही."

"का? इथे तर किती लोक आहेत आपल्या मुलांना..."

त्यांनी मला मधेच थांबवलं. "राणे-सान, मी मुलांना सांगायचे, खरं बोलायला घाबरू नका. रोज सांगायचे. आता एकेकाचा विचार करते. शाओलिंगने ऐकलं असतं तर तिची नोकरी गेली असती. दुसऱ्या एकाने ऐकलं असतं तर त्याचं लग्न मोडलं असतं. एकानेच ऐकलं, म्हणजे त्याला ऐकावं लागलं, तो माझा मुलगा. मग रात्री मला बरं वाटतं की बाकीच्यांनी ऐकलं नाही." त्या सिग्नलच्या खांबाशी थांबल्या. "असं बरं वाटणाऱ्या बाईने वर्गात उभं राहू नये."

"देवाला..." असं काहीतरी मी सुरू केलं.

"देव आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याबद्दल माझी शंका नाही. माझ्याबद्दल आहे."

रस्त्यापलीकडच्या शाळेकडे निघालेली लहान मुलांची रांग आली. पिवळ्या टोप्या, पाठीवर चौकोनी दप्तरं, पुढे झेंडी घेतलेली एक आई. वेनबाईंनी सायकल मागे ओढून त्यांना वाट करून दिली. मुलं ओरडून, एका सुरात, त्यांना शुभप्रभात म्हणत होती. इथे तसं शिकवतात. प्रत्येक मुलाला उत्तर देता येण्याइतका वेळ होता. त्या हँडलवर दोन्ही हात ठेवून सिग्नलच्या दिव्याकडे बघत राहिल्या. शेवटचं मूल पार गेलं, दिवा बदलला, आणि त्या सायकलवर बसून निघून गेल्या.